आगीचा तारा

शिकागोच्या झेंड्यावर चार लाल तारे एका ओळीत आहेत. काठीकडून मोजलं तर दुसरा तारा आगीचा. ऑक्टोबर १८७१मध्ये शहराचा मध्यभाग जळून खाक झाला, सुमारे तीनशे माणसं मेली, लाखभर बेघर झाली. झेंड्यावर सिंह येतात, मुकुट येतात. राखरांगोळी सहसा येत नाही. इथे ती आली आहे. शेजारचा तारा १८९३च्या जागतिक प्रदर्शनाचा. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेली सर्वधर्मपरिषद विवेकानंदांमुळे आपल्याला घरची वाटते. शहराच्या त्या वैभवाच्या ताऱ्याला आणि आगीच्या ताऱ्याला माप एकच, लाल एकच. मला हा झेंडा भावतो तो इथे.

वॉलेस राइस यांनी रचलेला हा झेंडा १९१७मध्ये स्वीकारला गेला तेव्हा त्यावर हे दोनच तारे होते, आणि पहिला मान आगीचा होता. १९३३च्या प्रदर्शनाचा तारा पुढे जोडला गेला. १९३९मध्ये १८०३च्या डिअरबॉर्न किल्ल्याचा तारा आला आणि इतिहासाचा क्रम राखत थेट काठीजवळ बसला.

पांढऱ्या कापडावरच्या दोन फिक्या निळ्या पट्ट्या म्हणजे पाणी. वरची मिशिगन सरोवर आणि नदीची उत्तर शाखा, खालची दक्षिण शाखा आणि कालवा. शहराची घाण पिण्याच्या पाण्याच्या सरोवरात जाऊ नये म्हणून कालवा खणून १९००मध्ये नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. खालच्या साध्या पट्टीत तो सगळा खटाटोप मुकाट सामावला आहे. तीन पांढरे पट्टे उत्तर, पश्चिम आणि दक्षिण भागांचे. मधला पश्चिमेचा, सर्वांत रुंद. पूर्वेला पट्टा नाही, कारण तिकडे सरोवर.

ताऱ्यांना टोकं सहा, अणकुचीदार. राष्ट्रध्वजावरच्या पाच टोकांच्या ताऱ्यांहून ते वेगळे दिसावेत, ही राइस यांची दृष्टी. प्रत्येक टोकालाही अर्थ जोडला आहे. आगीच्या ताऱ्याची टोकं धर्म, शिक्षण, सौंदर्यदृष्टी, न्याय, परोपकार आणि नागरी अभिमान यांची. हा भार मला जास्त वाटतो. वाऱ्यावर फडफडणाऱ्या कापडात डोळ्यांना तारा दिसतो, टोकं मोजायला कोण थांबतं? तरी किल्ल्याच्या ताऱ्याशी मी थांबतो. त्याची टोकं या भूमीवर एकामागून एक आलेल्या सत्तांची: फ्रान्स, ब्रिटन, व्हर्जिनिया अशी, शेवटी इलिनॉय. ज्या पोटावाटोमी लोकांची ही भूमी होती, त्यांचं एकही टोक नाही. आगीला मानाने जागा देणाऱ्या झेंड्यावर त्यांना ती मिळाली नाही, हे मला सलतं.