शुभ्र अंधत्व : कादंबरी आणि पडदा

जोझे सारामागो यांची अंधत्वाच्या साथीवरील पोर्तुगीज कादंबरी १९९५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर आधारलेला फेर्नांदो मेइरेल्लेस यांचा ‘ब्लाइंडनेस’ हा चित्रपट २००८ सालचा. सिग्नलपाशी मोटारीत बसलेल्या एका माणसाची दृष्टी एकाएकी जाते; त्याला काळोख दिसत नाही, दुधाळ उजेड दिसतो. साथीचे कारण अखेरपर्यंत अज्ञातच राहते. शासन बाधितांना एका ओसाड मनोरुग्णालयात कोंडते, बाहेर बंदूकधारी शिपाई उभे करते. आत एका कक्षातील टोळी अन्नावर कबजा मिळवून मोबदल्यात आधी मौल्यवान वस्तू आणि मग स्त्रिया मागते.

कादंबरीत पात्रांना नावे नाहीत, संवादांना अवतरणचिन्हे नाहीत. स्वल्पविरामानंतर येणारे मोठे अक्षर एवढीच नवा माणूस बोलू लागल्याची खूण. (देवनागरीत मोठी अक्षरेच नसल्याने मराठी अनुवादकाला तीही उपलब्ध नाही.) वाचक आवाजांच्या आधाराने चाचपडत पुढे सरकतो, म्हणजे तो अंधांच्याच रांगेत असतो. कॅमेऱ्याला हे कसे साधावे? छायालेखक सेझार शार्लोन यांनी चौकट पांढऱ्या उजेडात बुडवली, आकृती पुसट केल्या, प्रतिबिंबे एकमेकांवर चढवली. हे सारे देखणे आहे, आणि हीच त्यातली अडचण होय. आंधळेपणाचे असे सौंदर्य डोळसालाच दिसते.

प्रेक्षकाची जागा त्यामुळे बदलते. तो डॉक्टरच्या पत्नीशेजारी जाऊन उभा राहतो. तिची दृष्टी शाबूत आहे आणि ती ते लपवते. इतरांना जे ऐकावे लागते ते तिला पाहावे लागते. अत्याचारानंतर परतलेल्या स्त्रिया आपल्यातील एकीचे शव धुतात, त्या प्रसंगी पाहणे हाच एक भार होऊन बसतो. ज्युलियन मूर यांनी तो फारसे न बोलता पेलला आहे. सारामागोंच्या निवेदकाचा मिस्कील, किंचित कडवट स्वर मात्र चित्रपटाला गवसत नाही. निवेदन अकारण गंभीर होते. शिवाय अनाम पात्रांना प्रख्यात नटांचे परिचित चेहरे लाभले, की अनामिकता कागदावरच राहते.

चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा अमेरिकेतील अंधांच्या संघटनेने त्याचा निषेध केला होता. ‘हे तर रूपक आहे’ एवढ्या उत्तराने तो आक्षेप निकालात निघत नाही. येथे अधःपतित होतात ती कालपर्यंतची डोळस माणसे, हे खरे. परंतु जन्मांध असा जो एकमेव माणूस तेथे आहे, ज्याला या जगात वावरण्याचे कौशल्य अवगत आहे, त्याला टोळीचा हिशेबनीस केलेले आहे. ही निवड मूळ कादंबरीतलीच. दिग्दर्शकाने ती तपासून पाहिली नाही.

शेवटी इतरांची दृष्टी परतू लागते आणि डॉक्टरची पत्नी वर पाहते. पडदा पांढरा होतो. ते आकाश आहे की तिचे अंधत्व, हे प्रेक्षकाला क्षणभर ठरवता येत नाही. मग कॅमेरा खाली उतरतो आणि शहर दिसते. गद्याने जे साधले होते ते चित्रपटाला साधले आहे ते या एका क्षणी.