चिमायोचा खड्डा आणि वारशाची पाटी

आज मी ज्या चॅपेलविषयी बोलणार आहे, ते अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात, सांता फे शहराच्या उत्तरेला साधारण ४० किलोमीटरवर चिमायो या गावात आहे. मातीच्या कच्च्या विटांच्या जाड भिंती, दोन छोटे मनोरे, आत लाकडी फळ्यांवर रंगवलेली संतांची चित्रं. बर्नार्दो आबेयता नावाच्या स्थानिक गृहस्थाने १८१३ मध्ये परवानगी मागितली आणि १८१६ पर्यंत बांधकाम पूर्ण झालं. १९७० मध्ये सरकारने त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला. पाटीवर येईल एवढी माहिती इथे संपते. माझी तक्रार मात्र इथूनच सुरू होते.

कारण लोक तिथे भिंती बघायला जात नाहीत. वेदीच्या बाजूला एक लहानशी खोली आहे, तिच्या जमिनीत एक खड्डा आहे आणि त्यात माती आहे. ही माती लोक अंगाला लावतात, पुडीत बांधून घरी नेतात. गुड फ्रायडेच्या सुमारास हजारो माणसं मैलोन् मैल चालत येतात ती या मातीसाठी. शेजारच्या खोलीत बरे झालेल्यांनी सोडलेल्या कुबड्या टांगलेल्या असतात. अंगारा, भंडारा कपाळी लावणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आता प्रश्न असा, की ही माती पवित्र झाली कधी? प्रचलित आख्यायिका म्हणते, की १८१० च्या सुमारास आबेयताला जमिनीतून प्रकाश येताना दिसला, त्याने उकरलं, तेव्हा क्रूसमूर्ती सापडली. ती सांता क्रूझच्या मोठ्या चर्चमध्ये नेली, तर परत इथेच आली. असं तीनदा झालं. म्हणून इथे चॅपेल बांधलं. देवाने स्वतःच जागा निवडल्याच्या गोष्टी आपल्याकडेही गावोगाव आहेत.

पण ही गोष्ट जरा नीट वाचू या. मूर्तीला मोठं चर्च नको, हीच जमीन हवी आहे. म्हणजे महत्त्व आधी जमिनीचं आहे. आणि ही जमीन रिकामी नव्हती. चिमायो हे नावच तेवा भाषेतून आलंय. आसपास सांता क्लारा, नांबे, सान इल्देफोन्सो ही तेवा लोकांची गावं आजही नांदती आहेत. भाषाशास्त्रज्ञ जॉन हॅरिंग्टन यांच्या १९१६ च्या ग्रंथातही इथल्या औषधी मातीबद्दलची तेवा समजूत नोंदलेली आहे. १६८० मध्ये प्वेब्लो लोकांनी उठाव करून स्पॅनिश सत्तेला बारा वर्षं हुसकावून लावलं होतं. ती परतल्यानंतर या खोऱ्यात वसाहतकऱ्यांची वस्ती वाढली. मग ‘सापडली’ या एका शब्दाखाली किती काही पुरलं गेलं, बघा.

अजून एक धागा. हे चॅपेल एस्किपुलासच्या ख्रिस्ताचं. एस्किपुलास ग्वातेमालात, मूळ माया लोकांच्या प्रदेशात; तिथेही भाविक मातीच्या वड्या प्रसाद म्हणून खातात. म्हणजे मातीवरची श्रद्धा इथे दोन्ही बाजूंनी आली: खालून तेवांची, दक्षिणेकडून मायांची.

याचा अर्थ चॅपेल खोटं, असा नाही हं. कॅथलिक झालेले प्वेब्लो लोकही तिथे जातात. १९२९ मध्ये आबेयताच्या वारसांना ते विकावं लागण्याची वेळ आली, तेव्हा कलाप्रेमींनी पैसे जमवून ते विकत घेतलं आणि सांता फेच्या धर्मप्रांताच्या स्वाधीन केलं. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्यांनी वाचवली ती वास्तू आणि कला, आणि पुढे वारसा म्हणजे तेवढंच, असा समज घट्ट होत गेला.

आणि गंमत म्हणजे खड्ड्यातली माती दरवर्षी संपते. पुजारी जवळच्या टेकड्यांवरची नवी माती आणून भरतात, आणि ते लपवतही नाहीत. काहीजण याला फसवणूक म्हणतात. मला वाटतं, यात कबुली आहे. सामर्थ्य त्या एका खड्ड्याचं नाही, सगळ्या परिसराचं आहे; तेवा लोकांचं म्हणणं यापेक्षा फार वेगळं नसावं. मग पाटीवर पहिलं नाव कुणाचं हवं? आबेयताचं खोडू नका, पण त्याच्या वर एक ओळ मोकळी सोडा, आणि ती काय असावी हे तेवा लोकांना विचारा.