दोन पोरके आवाज

बीटल्स या चौकडीचे ‘लेट इट बी’ हे गाणे ऐकून ते येशूमातेचे स्तोत्र असावे, असा अनेकांचा ग्रह होतो. आमचाही बरीच वर्षे तोच होता. पियानो-ऑर्गनचे गंभीर स्वर, प्रार्थनागीताची संथ चाल आणि त्यात मेरी या मातेचा उल्लेख. दुसरे काय वाटणार? वस्तुतः ही मेरी म्हणजे पॉल मॅकार्टनी याची आई. लिव्हरपूलमध्ये परिचारिका व सुईण म्हणून काम करणाऱ्या मेरी मॅकार्टनी १९५६ साली स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर निवर्तल्या, तेव्हा पॉल १४ वर्षांचा होता. पुढे चौकडीत बेबनाव वाढत असता ती स्वप्नात आली व धीर देऊन गेली, अशी या गाण्याची जन्मकथा त्यानेच सांगितली आहे.

परंतु गाण्यात मृत्यूचा उच्चार नाही, पोरकेपणाचा तर नाहीच. कवी यशवंतांची ‘आई’ ही कविता बालपणापासून पाठ असलेल्या आपल्या वाचकाला हा संयम काहीसा परका वाटेल. आपल्या रसचर्चेतील साधारणीकरण म्हणतात ते येथे इतके पूर्ण झाले आहे, की ती विशिष्ट आई जवळजवळ दिसेनाशी होते. श्रोत्याने हवी ती मेरी कल्पावी, यास मॅकार्टनीची हरकत नाही.

जॉन लेनन याची व्यथा अधिक गुंतागुंतीची. तो मिमी मावशीकडे वाढला. आई, ज्युलिया, जवळच राहत असून दूर होती. तिच्याशी पुन्हा सख्य जुळते आहे तोच १९५८ साली मोटारीच्या धडकेने ती गेली. एकच आई त्याने दोनदा गमावली. १९७० साली, बालपणीच्या वेदना किंचाळून मोकळ्या करावयास लावणाऱ्या एका मानसोपचारानंतर, त्याने ‘मदर’ हे गाणे केले. आरंभी संथ घंटानाद, मग आईला आणि सोडून गेलेल्या बापालाही सरळ जाब, आणि अखेरीस विनवणीची किंकाळी. येथे आडपडदा नाही. या प्रामाणिकपणाची थोरवी समीक्षकांनी पुष्कळ गायिली आहे. आम्ही मात्र ते गाणे ऐकताना अवघडून बसतो. परक्या घरातील आक्रोश भिंतीपलीकडून कानी यावा, तसे होते. दुःख खरे असते, पण ते आपले होत नाही. उलट मॅकार्टनीचे सांत्वन आपले चटकन होते. जरा फारच चटकन, असेही आम्हांस वाटते.

म्हणून आमचे मन ओढ घेते ते लेननच्याच १९६८ सालच्या ‘ज्युलिया’कडे. हृषीकेशच्या मुक्कामात रचलेले हे गाणे त्याने डोनोव्हन या गायकाकडून तेथेच शिकलेल्या, गिटारच्या तारा बोटांनी छेडण्याच्या पद्धतीवर बेतले. आईचे नाव घेत असतानाच त्यात योको या जपानी नावाचा अर्थ ओवलेला आहे. गेलेली आई आणि येऊ घातलेली प्रेयसी एका हाकेत मिसळतात. तक्रार नाही, सांत्वनही नाही. चाल एकाच सुराला बिलगून राहते, खाली गिटारचे स्वरमेळ तेवढे बदलत जातात. लेननने बीटल्ससाठी सर्वस्वी एकट्याने गाऊन-वाजवून मुद्रित केलेले हे एकमेव गाणे. उरलेले तिघे त्यात कोठेही ऐकू येत नाहीत.