बाजाराला ताप कशाचा आला?

आज आपल्याला एका गाजलेल्या शोधनिबंधाची चिकित्सा करायची आहे. स्कॉट बेकर, निकोलस ब्लूम, स्टीव्हन डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०२० साली लिहिला. विषय आहे कोविडला अमेरिकी शेअर बाजाराने दिलेला अभूतपूर्व प्रतिसाद.

पद्धत साधी आहे. १९०० पासून बाजार एका दिवसात अडीच टक्क्यांहून जास्त वर किंवा खाली गेला, असे दिवस काढायचे. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी काय कारण दिलं, ते नोंदवायचं. २४ फेब्रुवारी २०२० पूर्वी असे अकराशेहून अधिक दिवस निघाले, पण एकाचंही कारण साथीचा रोग नव्हतं. १९१८चा इन्फ्लुएंझासुद्धा नाही! त्यानंतरच्या २२ व्यवहार-दिवसांत मात्र १८ झटके बसले आणि बहुतेक सगळे कोविडच्या खात्यावर मांडले गेले. लेखकांच्या मते, सरकारी निर्बंध आणि लोकांनी आपणहून टाळलेला संपर्क यांचा फटका सेवांवर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेला बसला.

प्रश्न उत्तम आहे, आणि १२० वर्षं चाळण्याची चिकाटी आम्हाला मान्यच आहे. पण इथे दोन शंका येतात.

पहिली शंका पुराव्याची. वर्तमानपत्राने दिलेलं कारण हा अंदाज असतो. मार्च २०२० मध्ये पान उघडावं तिथे कोविडच होता. मग ९ मार्चची घसरण कुणाच्या नावावर टाकायची? सौदी अरेबिया आणि रशिया यांच्या भांडणात तेलाचे भाव त्याच दिवशी कोसळले होते.

दुसरी शंका जास्त महत्त्वाची. निर्बंधांमुळे बाजार पडला असेल, तर निर्बंध कडक असताना तो पडलेलाच राहायला हवा होता. आता आपल्याकडे पाहा. २३ मार्चला सेन्सेक्स ३,९३४ अंशांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून अधिक कोसळून २५,९८१ वर बंद झाला. तेव्हा देशात रुग्ण होते पाचशेच्या आसपास. देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली २५ मार्चला. मेअखेर रुग्ण पावणेदोन लाखांच्या पुढे गेले, माणसं पायी गावाकडे निघाली होती, आणि सेन्सेक्स? ३२ हजारांच्या वर!

मधल्या काळात काय बदललं? अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने २३ मार्चला रोखे हवे तेवढे विकत घेण्याची हमी दिली. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला रेपो दर ५.१५ वरून ४.४० टक्क्यांवर आणला. रोग वाढतच होता, पण पाठीशी कोण उभं आहे हे बाजाराला कळलं. आमचं म्हणणं एवढंच, की बाजार रोगाने कमी आणि अनिश्चिततेने जास्त हलतो. निबंध साथीच्या सुरुवातीलाच लिहिला गेला, त्यामुळे ही दुसरी बाजू त्यात पुरेशी येऊच शकली नाही.

म्हणून ‘अभूतपूर्व’ हा शब्द जपून वाचा. तो बाजाराबद्दल आहे, साथीबद्दल नाही. १९१८च्या साथीत एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं गेली असं मानलं जातं. मुंबईत ती जूनमध्येच पोचली होती. न्यूयॉर्कच्या बाजाराच्या या नोंदीत त्या मरणांची एक ओळही नाही. बाजार शांत आहे, याचा अर्थ माणसं सुखरूप आहेत असा होत नाही, बरं का. पुढच्या साथीत टीव्हीवर हिरवा आकडा दिसला, की एवढं आठवा.