उपमुख्यमंत्री : अभ्यास पदाचा की खात्याचा?

परवा एका ज्युनिअरचा सिनॉप्सिस वाचला. पहिलीच ओळ : 'उपमुख्यमंत्री हे घटनात्मक पद आहे.' अहो, कलम 163, 164 उघडून बघा. मुख्यमंत्री आहे, मंत्री आहेत, 'उप' कुठेच नाही. कायद्याच्या लेखी तो इतरांसारखाच एक मंत्री.

ही चूक दुरुस्त होईल. माझी खरी तक्रार त्याच्या गृहीतकाबद्दल आहे : 'आघाडी सरकार आलं की उपमुख्यमंत्री येतो.' 1978 मध्ये दोन काँग्रेसच्या सरकारात वसंतदादांसोबत नाशिकराव तिरपुडे आले, तिथे हे चपखल बसतं. पण आंध्रचं काय करायचं? 2019 मध्ये जगन मोहन रेड्डींचे 175 पैकी 151 आमदार, म्हणजे कुणाच्या टेकूची गरजच नाही. तरी पाच उपमुख्यमंत्री केले, पाच वेगवेगळ्या समाजघटकांतून!

आणि सत्ता मोजताना नुसत्या पदनामावर जाऊ नका. 2022 मध्ये फडणवीस उपमुख्यमंत्री झाले तेव्हा गृह आणि अर्थ दोन्ही त्यांच्याकडे होती. जुलै 2023 मध्ये अर्थ अजित पवारांकडे गेलं. फडणवीसांचं पदनाम मात्र तेच राहिलं. सिनॉप्सिसमध्ये खातेवाटपाचा एकही तक्ता नव्हता. त्याला म्हटलं, आधी तो कर, मग थिअरीकडे वळ.