मोठ्यांना न दिसणारें रक्त

भयकथा सुशिक्षित घरांत उघडपणें वाचावयाची नसते, असा समज आपल्याकडे फार दिवसांपासून आहे. नारायण धारपांच्या कादंबऱ्या वाचनालयांतून झिजेपर्यंत वाचल्या गेल्या. पण त्यांवर गंभीरपणें लिहावें असें थोड्यांनाच वाटलें. त्यांची 'शपथ' ज्या इंग्रजी कादंबरीवर आधारलेली आहे, ती स्टीफन किंग यांची 'इट' (१९८६) नुकतीच वाचून संपविली. अकराशेंहून अधिक पृष्ठांचा हा ग्रंथ मिटतांना जें मनांत आलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

अमेरिकेंतील डेरी या कल्पित गांवीं दर सत्तावीस वर्षांच्या सुमारास एक अमंगळ शक्ति जागी होते व मुलांचे बळी घेते. १९५७ सालीं पावसांत कागदी होडी सोडावयास गेलेला लहानगा जॉर्जी तिच्या तावडींत सांपडतो. पुढल्या उन्हाळ्यांत त्याचा तोतरा भाऊ बिल व त्याचे सहा सोबती तिच्याशीं झुंजतात, आणि ती परत आली तर आपणहि परत येऊं अशी शपथ वाहतात. ती शपथ पाळण्याची वेळ १९८५ सालीं येते.

या कादंबरींतील विदूषकाचा बोलबाला फार झाला आहे. मला खरा थरकांप वेगळ्याच प्रसंगानें आला. बेव्हर्ली या मुलीच्या न्हाणीघरांत तोंड धुण्याच्या भांड्यांतून रक्त उसळतें. बाप येऊन पाहतो, तों त्याला कांहींच दिसत नाहीं. तिच्या सोबत्यांना मात्र तें दिसतें, आणि तीं मुलें चिंध्या घेऊन तें मुकाट्यानें पुसून काढतात. याच बापाचा हात मुलीवर उठत असतो. राक्षस काल्पनिक असेल. परंतु मुलाचें दुःख डोळ्यांसमोर असून तें न पाहणारीं वडील माणसें काल्पनिक म्हणतां येणार नाहींत.

आमच्या जालना जिल्ह्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मगांव. दिवेलागणीस मुलांकडून त्यांचें मारुतिस्तोत्र म्हणवून घेण्याची चाल आमच्या घरीं होती. त्या शब्दांनीं भुतें पळतात, अशी तेव्हां माझी खात्री होती. आतां वाटतें, धीर येई तो आजी शेजारीं बसून म्हणे म्हणून. 'भूतबीत कांहीं नसतें' असें म्हणून तिनें मला कधींच वाटेस लावलें नाहीं. माझी भीति ती खरी मानी. धारपांनींहि आपल्या भूतनिवारक नायकाला 'समर्थ' हेंच नांव दिलें, हें मला अर्थपूर्ण वाटतें. डेरींतील मुलांजवळ अशी आजी नव्हती. म्हणून त्यांना एकमेकांचाच आधार शोधावा लागला.

दुसरी गोष्ट विस्मरणाची. गांव सोडून गेलेले सोबती भाग्यास चढतात आणि सारें विसरतात. मागें राहिलेला ग्रंथपाल माइक तेवढा सर्व लक्षांत ठेवितो, आणि शेवटीं त्यालाच एकेकाला बोलावून आणावें लागतें. ज्यांचीं मुलें शिकून पुण्यामुंबईस गेलीं आहेत, त्या आमच्यासारख्यांना हा भाग वाचतांना चटका लागतो.

दोष नाहींत असें नाहीं. ग्रंथाचा पाल्हाळ अनावर आहे. अखेरीस त्या शक्तीला कोळ्याचें रूप दिल्यामुळें भय वाढण्याऐवजीं ओसरतें. मुलांच्या संदर्भांतील शेवटचा एक प्रसंग तर कोणत्याहि युक्तिवादानें समर्थनीय ठरणार नाहीं. त्यामुळें हें पुस्तक लहानांच्या हातीं देऊं नये, असेंच मी म्हणेन.

आईबापांनीं मात्र तें अवश्य वाचावें. पुस्तक कपाटांत लपविल्यानें मुलाची भीति कपाटांत जात नाहीं. तें रात्रीं दिवा मालवूं देत नसेल, तर हंसण्यापूर्वीं घटकाभर शेजारीं बसावें, आणि त्याला काय दिसतें तें विचारावें.