मानधनाची संहिता आणि अनाम कलावंत

शासननिर्णय हा वाङ्मयसमीक्षेचा विषय सहसा मानला जात नाही. परंतु एखाद्या शासननिर्णयातून 'कलावंत कोण' हे ठरत असेल आणि त्या ठरण्यावर कोणाचा तरी महिन्याचा किराणा अवलंबून असेल, तर तीही एक संहिताच होय, आणि तिच्यामागील मूल्यव्यवस्था तपासणे हे समीक्षेचेच काम ठरते.

महाराष्ट्रातील वृद्ध साहित्यिक व कलावंत मानधन योजना १९५४-५५ पासूनची, म्हणजे राज्यस्थापनेच्याही आधीची. अलीकडेपर्यंत तीत राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवरील कलावंत अशी अ, ब, क वर्गवारी होती; त्यांना दरमहा अनुक्रमे ३,१५०, २,७०० व २,२५० रुपये मिळत. फरक प्रत्येकी साडेचारशेचा. रक्कम किरकोळ, पण तिच्यातील गृहीतक किरकोळ नाही: कला जितकी दूर पोहोचते तितकी ती मोठी. होळीच्या दिवसांत तांड्यावर लेंगी गाणाऱ्या बंजारा गायकाला हा निकष लावून पाहावा. त्याच्या गाण्याचा अर्थ त्या बोलीत, त्या फेरात आणि त्या ऋतूत आहे. ते दिल्लीला नेले तर प्रदर्शन होईल, लेंगी उरणार नाही. २०२४ मध्ये ही वर्गवारी रद्द होऊन सरसकट ५,००० रुपये ठरले आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले. या निर्णयाचे समीक्षकांनी जितके स्वागत करावयास हवे होते तितके केले नाही.

आर्थिक आढाव्याची वेळ येते तेव्हा या व्यवस्थेची खरी परीक्षा होते. ४ मे २०२० च्या निर्णयाने वित्त विभागाने बहुतेक खात्यांचा खर्च अर्थसंकल्पीय तरतुदीच्या ३३ टक्क्यांवर आणला आणि चालू योजनांपैकी कोणत्या पुढे ढकलता किंवा रद्द करता येतील, हे तपासण्यास सांगितले. अशा तपासणीत कलेला अग्रक्रम मिळत नाही. कारण रस्ता अर्धा राहिला तर दिसतो, न झालेला गोंधळ दिसत नाही. दोन वर्षांचे यात्राहंगाम बुडाल्यावर, ऑगस्ट २०२१ मध्ये, सुमारे ५६,००० एकल कलावंतांना प्रत्येकी ५,००० रुपये एकदाच देण्याचे ठरले.

मंगरूळपीरसारख्या गावी या प्रश्नाला वेगळी धार येते. गावाच्या नावातला 'पीर' दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्याचा. त्याच गावी बिरबलनाथ महाराजांचे संस्थान आणि यात्रा. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान याच जिल्ह्यात. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला आणि जिल्हावार निवडीच्या योजनांत या मुलखाला स्वतःची जागा मिळाली. पण जागा मिळाली म्हणून पुरावा मिळत नाही. अर्जाला प्रमाणपत्रे, छायाचित्रे, कात्रणे लागतात. अंगणात रात्र जागवून शिधा-लुगड्यावर निरोप घेणाऱ्या गोंधळ्याला यजमान पावती देत नाही. याच जिल्ह्यातील नामदेव कांबळे यांच्या 'राघववेळ'ला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. छापील पुस्तक स्वतःच स्वतःचा दाखला असते. मौखिक कलेला असा दाखला बाहेरून आणावा लागतो.

तो आणायचा कोणाकडून? येथे बोट आपल्याकडेच वळते. लोकसाहित्य ही समूहमनाची अनाम निर्मिती, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवीत आलो. त्या सिद्धान्तात तथ्य आहे. पण त्याच्या आडोशाने कित्येक संकलनांत आणि प्रबंधांत गीताखाली प्रदेशाचे नाव येते, गाणारीचे येत नाही. विद्यापीठ तिला अनाम ठरवते आणि शासन तिच्याकडे नावानिशी पुरावा मागते. ओवी ग्रंथालयात सुरक्षित राहते, ओवी सांगणारी मात्र पंचायत समितीच्या खिडकीवरून परत येते. हा प्रमाद शासनाच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही.

राजाश्रय मुळातच नको, असाही एक पक्ष आहे आणि तो हलका नाही. स्वातंत्र्यानंतरच्या प्रारंभकाळात तमाशाला मान्यता मिळाली ती त्याच्या संहितांवर परिनिरीक्षणाची कात्री चालवूनच. २०२२ च्या डिसेंबरात एका अनुवादाला जाहीर झालेला राज्यपुरस्कार शासनाने मागे घेतला. दुर्गा भागवतांनी शासकीय सन्मान नाकारले, त्यामागील करारीपणा आदरणीयच. तथापि पुरस्कार कृतीचे मोल करतो, मानधन जित्या माणसाला धरून ठेवते. नकाराचे स्वातंत्र्य ज्याच्या हाती लेखणी आहे त्याला परवडते. संबळ वाजवणारा हात थरथरू लागला की ते उरत नाही. म्हणूनच मानधनाचा निकष आशयाशी कधीही जोडला जाऊ नये, एवढी अट धरून या योजनेचा पक्ष घ्यावयास हवा, आणि आढाव्यात तिला कात्री लागू नये यासाठी लिहावयास हवे.

विद्यापीठीय मराठी विभागांना यात एक साधे काम करता येईल. क्षेत्रीय संकलन करणाऱ्या विद्यार्थ्याने गीताबरोबर, संमती घेऊन, गायकाचे नाव, गाव, वय, गुरुपरंपरा आणि ध्वनिमुद्रणाची तारीख नोंदवावी. त्या नोंदीची एक सही-शिक्क्याची प्रत प्रबंधाला जोडावी, आणि दुसरी त्या गायकाच्या घरी पोचती करावी.